हृदयाची शाकारणी

माणसाचे हृदय मिनिटाला सत्तर ठोके या सर्वसाधारण गतीने दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते, आणि सत्तर वर्षांच्या आयुष्यात ठोक्यांची ही संख्या अडीच अब्जांच्या पुढे जाते. एवढी झीज सोसणाऱ्या अवयवाच्या पेशी त्वचेच्या किंवा आतड्याच्या अस्तराच्या पेशींप्रमाणे वरचेवर बदलल्या जात असतील, असा कोणाचाही समज व्हावा. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रीसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हृदयपेशींचे वय मोजले, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेली युक्ती विज्ञानाच्या इतिहासात लक्षात राहावी अशी आहे. १९५० च्या दशकात आणि १९६३ च्या चाचणीबंदी करारापर्यंत वातावरणात झालेल्या अणुस्फोटांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकाएकी वाढले होते आणि नंतर ते हळूहळू उतरत गेले. हा कार्बन वनस्पतींतून अन्नात आणि अन्नातून माणसाच्या पेशींतील डीएनएमध्ये उतरत असल्यामुळे, पेशी ज्या वर्षी जन्मली त्या वर्षाची खूण तिच्या डीएनएत कायमची राहते. या खुणा वाचल्यावर असे आढळले की पंचविसाव्या वर्षी हृदयाच्या स्नायुपेशींपैकी वर्षाला केवळ १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तराव्या वर्षी हे प्रमाण ०.४५ टक्क्यांवर येते, आणि संपूर्ण आयुष्यात निम्म्याहून कमी पेशी बदलल्या जातात. वृद्ध माणसाच्या छातीत धडधडणाऱ्या स्नायुपेशींपैकी निम्म्याहून अधिक त्याच्या बालपणापासून तिथेच असतात.

मग या पेशी टिकतात कशा? पेशी जुनी असली तरी तिच्यातील बहुतेक सामग्री जुनी नसते, हे त्याचे उत्तर आहे. कोकणात कौलारू घराची पावसाळ्यापूर्वी शाकारणी होते तेव्हा फुटकी कौले उतरवून नवी चढवली जातात, वाळवी लागलेला वासा काढला जातो आणि घर तेच राहते. हृदयपेशीत अशी शाकारणी अहोरात्र चालू असते, आणि तिच्यात उतरवली व चढवली जाणारी कौले म्हणजे प्रथिने होत. आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनांचे रेणू काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतच टिकतात. ते मोडून त्यांच्या जागी नवे घडवले जातात, आणि हे सारे एकही ठोका न चुकवता. हृदयाचे वार्धक्य म्हणजे पुष्कळ अंशी या शाकारणीचे मंदावणे होय.

प्रथिन या शब्दाबद्दल येथेच थोडा खुलासा करणे इष्ट आहे, कारण आजच्या बोलण्यात ‘प्रोटीन’ म्हटले की डाळ, अंडे किंवा व्यायामशाळेत मिळणारा भुकटीचा डबा डोळ्यांपुढे येतो. १८३८ साली डच रसायनशास्त्रज्ञ म्युल्डर यांनी प्रचारात आणलेला मूळ शब्द ‘पहिल्या प्रतीचे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेला होता, आणि ‘प्रथिन’ या मराठी शब्दातही ‘प्रथम’ ऐकू येतो. अमिनो आम्ले नावाच्या वीस प्रकारच्या लहान रेणूंची माळ जनुकातील मजकुरानुसार ओवली जाते आणि ती माळ विशिष्ट आकारात दुमडली की प्रथिन तयार होते. खाल्लेले प्रथिन पचनात मोडून त्याचे मणी सुटे होतात, आणि पेशी ते मणी आपल्या गरजेप्रमाणे पुन्हा ओवते. त्यामुळे एखाद्या पदार्थातील प्रथिन थेट हृदयात जाऊन बसते असे सुचवणाऱ्या जाहिरातींना शरीरशास्त्राचा आधार नाही.

हृदयाच्या स्नायुपेशीत आकुंचनाचे काम सार्कोमिअर नावाच्या घटकांत चालते. हा घटक मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढा असतो आणि असे कित्येक घटक एकापुढे एक जोडले जाऊन तंतू बनतो. प्रत्येक घटकात मायोसिन या प्रथिनाचे जाड तंतू आणि अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले असतात; मायोसिनची असंख्य डोकी वल्ह्यांसारखी अ‍ॅक्टिनला पकडून ओढतात, तेव्हा घटक आखडतो. पकड केव्हा करायची याचा इशारा कॅल्शियम देते आणि तो इशारा ट्रोपोनिन हे बारीक तंतूवरील प्रथिन ओळखते. हृदयविकाराच्या झटक्यात पेशी फुटल्या की हेच ट्रोपोनिन रक्तात उतरते, म्हणूनच छातीत दुखू लागलेल्या रुग्णाच्या रक्तात डॉक्टर त्याचा शोध घेतात.

या रचनेत टायटिन नावाचे एक अजस्र प्रथिन आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सुमारे १४० अमिनो आम्ले असतात, तर टायटिनच्या साखळीत सुमारे ३५,०००. मानवी शरीरातील सर्वांत मोठे प्रथिन तेच. जपानमध्ये कोशाक मारुयामा आणि अमेरिकेत कुआन वांग यांनी १९७० च्या दशकात ते स्वतंत्रपणे उजेडात आणले आणि ग्रीक पुराणांतील महाकाय टायटनांवरून वांग यांनी दिलेले नाव रूढ झाले. टायटिन ही सार्कोमिअरच्या कडेपासून मध्यापर्यंत ताणलेली स्प्रिंग आहे, आणि हृदय रक्ताने भरताना किती सैल पडते हे बरेचसे तिच्यावर ठरते. गर्भावस्थेत या स्प्रिंगचा लांब व लवचिक प्रकार वापरात असतो, जन्मानंतर आखूड व ताठ प्रकार वाढतो, म्हणजे एकाच जनुकाचा मजकूर वेगवेगळ्या ठिकाणी कापून सांधून पेशी आपल्या गरजेची स्प्रिंग घडवते. हा मजकूर अर्ध्यातच तुटला तर हृदय पसरट व दुबळे होऊ शकते. कुटुंबात चालत आलेल्या अशा विकाराच्या सुमारे पाव रुग्णांत टायटिनच्या जनुकात खंड पडलेला असल्याचे २०१२ साली दिसून आले.

प्रथिन नुसते ओवून भागत नाही, ते नीट दुमडावे लागते, आणि या कामात मदत करणाऱ्या प्रथिनांचा एक स्वतंत्र वर्ग पेशीत आहे. सासरी जाणाऱ्या नवरीबरोबर पाठराखीण जाते आणि ती तिथे रुळेपर्यंत सोबत करते. ही प्रथिने नव्या साखळीची अगदी तशीच सोबत करतात, म्हणून त्यांना पाठराखीण प्रथिने म्हणणे शोभेल. १९६२ साली फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने फळमाश्यांच्या पेशींना उष्णता लागल्यावर काही विशिष्ट जनुके जागी होतात असे नोंदवले. पुढे कळले की उष्णतेने उलगडू पाहणाऱ्या प्रथिनांना सावरण्यासाठी पेशी पाठराखिणींची कुमक वाढवते. अशांपैकी अल्फा-बी क्रिस्टलिन हे प्रथिन डोळ्याच्या भिंगात आणि हृदयाच्या स्नायूत अशा दोन्ही ठिकाणी मुबलक असते. १९९८ साली फ्रेंच संशोधकांनी वर्णिलेल्या एका कुटुंबात या प्रथिनातील एकच अमिनो आम्ल बदललेले होते, आणि त्या कुटुंबातील रुग्णांना मोतीबिंदूही होत असे व हृदयाचा स्नायूही निकामी होत असे. वरकरणी ज्यांचा परस्परांशी काही संबंध नाही अशा या दोन अवयवांत एक साम्य आहे: दोघांच्याही पेशी आयुष्यभर पुरवाव्या लागतात. भिंगात प्रथिनांचे गठ्ठे जमले की दृष्टी धूसर होते आणि हृदयपेशीत जमले की तंतूंची शिस्त मोडते.

जे सावरता येत नाही ते मोडून काढावे लागते आणि त्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात निकामी प्रथिनावर युबिक्विटिन या ७६ अमिनो आम्लांच्या चिमुकल्या प्रथिनाची खूण लावली जाते आणि खूण लागलेले प्रथिन प्रोटिअ‍ॅसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात शिरून तुकडे तुकडे होऊन बाहेर पडते. या शोधासाठी आरोन चिकानोव्हर, अवराम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसरा मार्ग स्वभक्षणाचा आहे. प्रथिनांचे मोठे गठ्ठे किंवा ऊर्जा निर्माण करणाऱ्या जीर्ण तंतुकणिका यांना पेशी पातळ पापुद्र्याच्या पिशवीत गुंडाळते आणि पाचक द्रव्यांनी भरलेल्या लयकारिकेकडे पोचवते. लयकारिकेचा शोध लावणारे बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियां द द्यूव यांनी १९६३ साली या क्रियेला नाव दिले आणि ती चालवणारी जनुके योशिनोरी ओहसुमी यांनी जपानमध्ये यीस्टच्या पेशींत शोधली. ओहसुमींना २०१६ चे नोबेल मिळाल्यापासून एकादशीच्या उपासाने हृदय शुद्ध होते याला नोबेलचा दाखला देणारे संदेश मराठी मोबाइलवरूनही फिरू लागले. उपासमारीत स्वभक्षण वाढते हे यीस्टमध्ये आणि उंदरांत दिसले आहे, परंतु त्यावरून माणसाच्या हृदयाबद्दल निष्कर्ष काढणे घाईचे आहे. शिवाय एकादशी दुप्पट खाशी ही आपली रीत लक्षात घेता साबुदाण्याच्या खिचडीला त्या संशोधनाचा आधार शोधणे फारच झाले.

स्वभक्षण अडले तर हृदयाचे काय होते याचा पुरावा मात्र माणसांतच उपलब्ध आहे. लयकारिकेच्या आवरणातील एक प्रथिन जन्मतः सदोष असले की डॅनन रोग होतो. त्यात मुलग्यांचे हृदय वयात येता येताच जाड होऊन निकामी होऊ लागते आणि त्यांच्या पेशींत न पचलेल्या पिशव्यांचा खच साठलेला दिसतो. निरोगी वृद्धांतही याचे एक सौम्य रूप आढळते. हृदयपेशींच्या केंद्रकाजवळ वयाबरोबर लिपोफुसिन नावाचा तपकिरी गाळ साचत जातो. प्रथिने व मेद यांचा हा असा अवशेष आहे की जो लयकारिकेलाही पचवता येत नाही.

वयाबरोबर हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी होते असे सर्वसाधारणपणे मानले जाते, पण निरोगी माणसात विश्रांतीच्या वेळची ही ताकद ऐंशीच्या घरातही बरीच टिकून राहते. आधी बिघडते ते शिथिल होणे. ठोक्यानंतर हृदय सैल पडून रक्त आत ओढून घेते, आणि या पहिल्या टप्प्यातील भरण्याचा वेग विशी ते ऐंशी या काळात जवळपास निम्म्यावर येतो. सैल पडण्यासाठी पेशीतील कॅल्शियम उपसून पुन्हा साठवणीच्या जाळीत टाकावे लागते आणि हे काम ‘सर्का’ नावाचा प्रथिनरूपी पंप करतो. म्हाताऱ्या प्राण्यांच्या हृदयात आणि हृदय निकामी झालेल्या माणसांत हा पंप मंदावलेला आढळतो. त्यात टायटिनची स्प्रिंग ताठर झाली आणि पेशींच्या मधल्या जागेत कोलॅजेन वाढले की हृदय आकुंचन पावते पण पुरेसे भरत नाही, आणि चढण चढताना किंवा जिना चढताना धाप लागते. पेशीबाहेरच्या काही प्रथिनांची स्थिती याहून बिकट आहे: रोहिणींना लवचिकपणा देणारे इलॅस्टिन मुख्यतः गर्भावस्थेत आणि बालपणी घडते व पुढे दशकानुदशके तेच वापरावे लागते, त्यामुळे त्याची शाकारणी जवळजवळ होतच नाही.

ताठरपणा कमी करता येतो का, या प्रश्नाला अमेरिकेत डॅलस येथील बेंजामिन लेव्हिन यांच्या गटाने २०१८ साली दिलेले उत्तर आशादायक आहे. बैठे आयुष्य जगणाऱ्या पण निरोगी अशा ४५ ते ६४ वयाच्या ५३ जणांनी हा दोन वर्षांचा प्रयोग पूर्ण केला. आठवड्यात चार ते पाच दिवस, मधूनमधून दमछाक करणारा व्यायाम करणाऱ्या गटात हृदयाचा ताठरपणा घटला आणि शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता १८ टक्क्यांनी वाढली. तुलनेसाठीच्या गटाला योग, तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि वजने दिली होती, त्याच्या हृदयात तसा बदल दिसला नाही. योगाभिमानी वाचकाला हे रुचणार नाही, पण त्या प्रयोगाचा विषय हृदयाचा ताठरपणा एवढाच होता हे ध्यानात घ्यावे. प्रयोगात हृदयाची पोकळी मोजली होती, प्रथिने मोजली नव्हती. त्याच गटाच्या पूर्वीच्या अभ्यासात, सत्तरीच्या आसपास व्यायाम सुरू करणाऱ्यांची शारीरिक क्षमता वर्षभरात वाढली तरी हृदयाचा ताठरपणा उतरला नव्हता.

बाहेरून आलेले प्रथिनही म्हाताऱ्या हृदयात अडकून बसू शकते. यकृतात तयार होणारे ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन रक्तातून थायरॉइडचे संप्रेरक आणि ‘अ’ जीवनसत्त्व वाहून नेते. त्याचे चार भाग एकत्र जुळलेले असतात, आणि वयाबरोबर ते सुटून चुकीचे दुमडले की त्यांचे न विरघळणारे धागे हृदयाच्या स्नायूत साचतात. पंचाऐंशीच्या पुढच्या वृद्धांच्या शवविच्छेदनात सुमारे चौथ्या हिश्शाच्या हृदयांत असे धागे आढळले आहेत, जरी त्या सर्वांना त्रास झालेला नसतो. हृदयाची लक्षणे दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी दोन्ही मनगटांतील नस दबून बोटांना मुंग्या येणे हा या रोगाचा एक इशारा असतो, आणि तो वाताचा त्रास समजून सोडून दिला जातो. चार भाग सुटू न देणारे टाफामिडिस हे औषध मृत्यूचे प्रमाण घटवते असे २०१८ साली सिद्ध झाले.

भारतीय वाचकाला सर्वांत जवळची कथा आहे ती मायोसिन-बद्ध ‘सी’ प्रथिनाची. १९७० च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये जेरल्ड ऑफर आणि त्यांचे सहकारी मायोसिन शुद्ध करत असताना त्यात इतर प्रथिनांचे पट्टे पुन्हा पुन्हा उमटत होते. त्या पट्ट्यांना अक्षरे देताना एकाच्या वाट्याला ‘सी’ आले आणि तेच नाव राहिले. जी अशुद्धी समजली जात होती ती हृदयाच्या गतीवरचा लगाम निघाली, कारण हे प्रथिन मायोसिनची काही डोकी विसावलेली ठेवते आणि गरज पडली की मोकळी सोडते. या प्रथिनाच्या जनुकात दोष असला की लगाम ढिला पडतो, डोकी अनावश्यक काम करत राहतात आणि हृदयाची भिंत जाड होते. अकस्मात मृत्यू पावणाऱ्या तरुण खेळाडूंत आढळणाऱ्या कारणांपैकी हे एक आहे. मात्र याच जनुकातील पुष्कळ दोष पन्नाशी उलटेपर्यंत दबून राहतात, आणि वार्धक्याशी असलेला त्यांचा हा संबंध संशोधकांना बराच काळ खुणावत होता.

२००९ साली पेरुंदुराई धंदपाणी, हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये जाहीर केले की या जनुकातील २५ अक्षरांची एक उणीव सुमारे ४ टक्के भारतीयांत आढळते. त्या वेळच्या लोकसंख्येच्या हिशोबाने हे चार कोटींहून अधिक लोक होतात. उणीव जनुकाच्या अशा भागात आहे की जो प्रथिनात उतरत नाही. पण मजकूर कुठे कापायचा आणि कुठे सांधायचा याच्या खुणा तिथे असतात, त्यामुळे सांधा चुकतो आणि ज्या शेपटाने हे प्रथिन जाड तंतूला धरून बसते तेच बदलून जाते. ही उणीव असणाऱ्यांना हृदयस्नायूचा विकार होण्याचा धोका जवळपास सातपट असल्याचे त्या अभ्यासाने म्हटले होते. इतका घातक दोष इतक्या लोकांत पिढ्यानपिढ्या टिकला कसा, याचे संशोधकांनी सुचवलेले उत्तर शाकारणीच्या कल्पनेशी तंतोतंत जुळणारे होते: तारुण्यात पेशी सदोष प्रथिन तत्परतेने मोडून काढते, उतारवयात ती यंत्रणा थकते, गाळ साचू लागतो आणि विकार प्रकट होतो, तोवर माणसाला मुले झालेली असल्यामुळे दोष पुढच्या पिढीत गेलेला असतो.

हे स्पष्टीकरण इतके देखणे होते की ते पुढे तपासले गेले नसते तरी कोणी हरकत घेतली नसती. सुदैवाने ते तपासले गेले. मूळ अभ्यासात सहभागी असलेले शक्तिवेल सदयप्पन आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांची पाहणी करून २०१८ साली दाखवले की या उणिवेबरोबर काहींत त्याच जनुकातील आणखी एक बदल असतो, आणि हृदयाच्या अति जोराच्या आकुंचनाची चिन्हे दोन्ही एकत्र असलेल्यांत दिसतात. २०२० साली ब्रिटिश संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या फेरतपासणीत याहून मोठी गोष्ट उघड झाली. २५ अक्षरांची उणीव असलेल्या गुणसूत्रांपैकी थोड्यांवर त्याच जनुकात एक दुर्मीळ व खरोखर घातक चूक दडलेली असते, आणि ती असलेल्यांना हिशोबातून वगळले की एकट्या उणिवेचा भिंत जाड होण्याच्या विकाराशी असलेला संबंध जवळजवळ नाहीसा होतो. चोराच्या संगतीने संन्याशी पकडला जावा तसा हा प्रकार होता.

पेशीची साफसफाई वयाबरोबर मंदावते हे तत्त्व यामुळे खोटे ठरत नाही, कारण त्याला डॅनन रोगापासून लिपोफुसिनपर्यंत स्वतंत्र पुरावे आहेत. कोट्यवधी लोकांच्या कपाळी त्याआधारे जो शिक्का बसला होता, तो मात्र आता तसाच ठेवता येत नाही. जनुकतपासणीच्या अहवालात एखाद्याला ही २५ अक्षरांची उणीव दिसली, तर तिच्याच गुणसूत्रावर ती दुसरी चूक आहे की नाही हे आता स्वतंत्रपणे पाहावे लागते, आणि ही चूक नेहमीच्या तपासणीत न वाचल्या जाणाऱ्या भागात खोलवर असल्यामुळे प्रयोगशाळेला तसे मुद्दाम सांगावे लागते. ती आढळली तर भाऊबहिणी आणि मुले यांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, ठरावीक काळाने करावी लागते. आढळली नाही आणि कुटुंबात कोणाला हृदयस्नायूचा विकार नसला, तर अहवालातील त्या ओळीने घाबरून जाण्याचे कारण राहत नाही.